चाकी कोणी फिरवली

मामाजी,

तुमच्याशी बोलायची ही माझी पहिलीच वेळ. बावीस वर्षं तुमच्या घरची सून म्हणून वावरले, तुमच्या ताटात भाकर वाढली, तुमचा चष्मा शोधून दिला, शेवटी शेवटी तुमच्या लघवीची पिशवीसुद्धा रिकामी केली. पण ‘मामाजी, ऐका’ असं तोंड वर करून कधी म्हटलं नाही. तुम्हीही मला कधी नावानं हाक मारली नाहीत. आता तुमच्याकडून उत्तर येणार नाही हे पक्कं झाल्यावर माझी जीभ सैल सुटली आहे.

तुमची तेरवी आटोपून काल अमरावतीला परत आले. अंग नुसतं ठणकतंय. पाहुण्यांची भांडी, सतरंज्या, बार्शीटाकळीहून आणलेल्या सामानाच्या पिशव्या, येणाऱ्या प्रत्येकाला तेच ते सांगणं की सकाळी चहा घेतला, अंगणात बसले आणि बसल्या जागी मान टाकली. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. वर्षभरापूर्वीच्या ऑपरेशनचा त्याच्याशी काही संबंध नाही, हेही मी प्रत्येकाला सांगितलं, कारण प्रत्येकजण ते विचारतच होता. इथं येऊन बॅग उघडली तर तळाशी दवाखान्यातली वही निघाली. अकोल्याच्या त्या वॉर्डात मी रेघ मारून दोन रकाने केले होते, एकावर ‘गेलं’ आणि दुसऱ्यावर ‘आलं’. पुढची पानं कोरी आहेत, त्यांवरच हे लिहिते आहे. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, “मामाजीसमोर डोक्शावर पदर, अन् थेट बोलनं नाई. काही लागलं तं मले सांगत जाय.” तुम्ही अंगणातून म्हणायचात, “भाकर झाली काय म्हना तिले.” मी चुलीपाशीच, मला शब्दन् शब्द ऐकू यायचा. तरी सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठायच्या, स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला विचारायच्या, माझं ‘झाली’ घेऊन परत अंगणात जायच्या. तेही तुम्हाला आधीच ऐकू गेलेलं असायचं. माझ्या माहेरी हे सांगितलं की बहिणी पोट धरून हसायच्या.

सासूबाई गेल्या, मग आम्ही अमरावतीहून गावी यायचो तेव्हाचं ते काम माझ्या लेकीकडे, पूर्वाकडे आलं. “सांग तुह्या मायले.” पूर्वा शिकायला बाहेर पडली तेव्हा मला वाटलं, आता तरी. पण तुम्ही दाराच्या चौकटीला सांगायला लागलात! “आज तुरीच्या दान्यायची भाजी कर म्हना.” मीही काही कमी नव्हते. मी चुलीला म्हणायचे, “दाणे संपले म्हणा.” तुम्हाला हसू यायचं, हे मला पाठमोरीलाही कळायचं. पण हसणं वेगळं आणि बोलणं वेगळं, एवढं आपण दोघांनीही पाळलं.

ऑपरेशनला तुम्ही किती आढेवेढे घेतलेत! लघवीला थेंब थेंब होतं, रात्रीतून सहासात वेळा उठावं लागतं, हे वर्षभर लपवलंत. शेवटी एकदा पार तुंबली आणि तुमच्या चिरंजीवांनी तुम्हाला उचलूनच अकोल्याला नेलं. प्रोस्टेट दुर्बिणीतून कापून काढला. पहिला दिवस हे थांबले. पण दहावीची परीक्षा सुरू होती आणि शाळेत यांची ड्यूटी लागलेली. यांची मोठी बहीण, कल्पनाताई, पातूरहून रोज डबा घेऊन यायच्या, पण पिशवीतलं लाल पाणी पाहिलं की त्यांना घेरी यायची. तशा त्या चांगल्या आहेत, पण रक्तापुढे त्यांचं काही चालत नाही. राहता राहिले मी.

तुम्ही त्या दिवशी छताकडे पाहत म्हणालात, “दुसरं कोनी नाई काय म्हना?” तुमच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, रागही आला. मी काय हौसेनं आले होते?

इंगळे सिस्टरनं मला सगळं समजावून दिलं. एका नळीतून सलाईनचं पाणी आत मूत्राशयात जातं, दुसरीतून रक्त धुऊन घेऊन खालच्या पिशवीत येतं. आतली जखम ओली आहे तोवर हे धुणं थांबता कामा नये. थांबलं की रक्ताच्या गाठी धरतात आणि नळी बंद होते. वरच्या नळीवर एक छोटी प्लास्टिकची चाकी, ती फिरवून धार कमीजास्त करायची. खालचं पाणी फिकं गुलाबी दिसलं तर ठीक, लाल झालं तर धार वाढवायची. पिशवी पलंगाच्या खाली लोंबली पाहिजे पण फरशीला टेकायची नाही, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. “अन् जेवढं गेलं त्याच्याहून जास्तच आलं पायजे, ताई. कमी आलं, नाईतं पोट टणक लागलं, की मले लगेच हाक मारजा. अन् तो पदर खोचा पहिले, नळीत अडकन.”

पदर खोचायचा म्हणजे डोक्यावरचा खाली घ्यायचा. बावीस वर्षांत तुमच्यासमोर माझं डोकं उघडं पडलं ते त्या वॉर्डात. मी पिशवीचा खालचा खटका उघडायला वाकले की तुम्ही चादर तोंडावर ओढून घ्यायचात. मी मापाच्या भांड्यात पाणी घ्यायचे, वॉर्डाच्या पार टोकाला संडास, तिथवर न्यायचे, ओतायचे, भांडं धुवायचे, परत येऊन वहीत लिहायचे. तोवर चादर तशीच. मी स्टुलावर बसले की मग तुमचा चेहरा बाहेर यायचा.

बोलायला तिथं ना सासूबाई, ना पूर्वा, ना चौकट. तेव्हा तुम्ही सलाईनच्या स्टँडला धरलंत. “बाटली संपून राहिली म्हना.” बाजूच्या खाटेवरचे काका पहिल्या दिवशी घाबरले, त्यांना वाटलं भुलीचा परिणाम. मी त्यांना सांगितलं, नाही हो, ते माझ्याशीच बोलताहेत.

रंगावरून तर आपलं चांगलंच भांडण झालं. तुम्ही आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवलेली. मूठभर कापूस घेऊन उजेडात जायचं, बोटांनी धागा ओढायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. मी वहीत ‘लाल’ असं लिहिलं तर तुम्ही स्टँडला म्हणालात, “लाल कायचं? ट्यूबच्या उजेडात रंग समजते काय कोनाले? खिडकीच्या अंगानं पाहा म्हना.” मी नळी हातात धरून खिडकीकडे वाकले. खरंच, उजेडात ते अंबाडीच्या पातळ सरबताइतकंच गुलाबी होतं. “हे दुसऱ्या नंबरचं,” तुम्ही म्हणालात. “पहिल्या नंबरचं झालं की घरी जाचं म्हना.” तेव्हापासून मी वहीत एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असंच लिहायला लागले. सिस्टरनं वही पाहून कपाळाला हात लावला. मग मी पुन्हा ‘लाल’ आणि ‘गुलाबी’वर आले, आणि तुम्ही ते कधी मान्य केलं नाहीत. ते भांडण तसंच अर्धवट राहिलं.

आता त्या दुपारबद्दल.

तिसरा दिवस होता. जेवणं झाली होती, पंखा गरगरत होता आणि हवा जागची हलत नव्हती. मला दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. पिशवी तासाभरातच भरायची. वाकायचं, भरायचं, न्यायचं, ओतायचं, लिहायचं. कंबर धरली होती, पाय सुजले होते, आणि डब्यातली भाजी मी कसली खाल्ली तेही आठवत नव्हतं. भिंतीला डोकं टेकून स्टुलावर बसले आणि झोप लागली.

जाग आली ती तुमच्या कण्हण्यानं. ओटीपोट दगडासारखं. नळीच्या कडेनं पाणी गळून चादर ओली. खालची पिशवी कोरडी पडलेली, आणि नळीत काळपट लाल, अगदी खालच्या प्रतीचं. मी धावत सिस्टरला आणलं, सिस्टरनं डॉक्टरला. त्यांनी मोठ्या सिरिंजनं पाणी आत ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं. गाठी निघाल्या. तुम्ही पलंगाची दांडी धरली होती आणि “माय वं, माय वं” एवढंच म्हणत होतात. त्या वेळी चादर तोंडावर घ्यायचीही तुम्हाला शुद्ध नव्हती. मी तुमचे पाय दाबून धरले होते. तेही पहिल्यांदाच.

धार पुन्हा सुरू झाली, तुमचं पोट मऊ पडलं, आणि सिस्टर माझ्याकडे वळल्या.

“ही चाकी कोनी कमी केली? धार पाहा, नुस्ती ठिपकत होती. पिशवी घडीघडी रिकामी करायचा कंटाळा आला काय, ताई? तुमाले एवढं समजावून सांगतलं होतं न?”

मी म्हटलं, “चुकलं, सिस्टर.”

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. आणि दारात कल्पनाताई डबा घेऊन उभ्या होत्या.

त्यानंतर दोन दिवस दवाखाना वाढला. पातूरपासून अमरावतीपर्यंत सगळ्यांना कळलं की वहिनीनं झोप काढली आणि बाबांच्या जिवावर बेतलं. कल्पनाताईंनी मला तोंडावर काही ऐकवलं नाही, पण डबा मात्र त्या दिवसापासून स्टुलावर न ठेवता तुमच्या उशाशी ठेवायला लागल्या. हे फोनवर म्हणाले, “एवढं तर पाहायचं होतं ना.” मी म्हटलं, “हो.”

पण तुम्ही बदललात. दुसऱ्या दिवशी स्टँडला म्हणालात, “तिले म्हना, त्या रिकाम्या खाटीवर पाठ टेकव. चाकीकडं मी पाहतो.” आणि खरंच पाहत राहिलात, एकटक. एकदाही चादर तोंडावर घेतली नाहीत. मी पिशवी काढायला वाकले की तुम्ही स्टँडला सांगायचात, “खटका नीट लाव म्हना, काल ठिपकला होता.” नळी काढली त्या दिवशी पहिली लघवी आपली आपण झाली, धार लागली, तेव्हा तुम्ही परत येऊन इकडेतिकडे पाहायला लागलात. स्टँड कुणीतरी नेला होता. सांगायला कुणी सापडेना. शेवटी खिडकीला सांगितलंत, “झाली म्हना. मस्त झाली.” बाजूच्या काकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पंधरा दिवस आमच्याकडे अमरावतीला राहिलात. पाणी भरपूर प्यायचं होतं, जड उचलायचं नव्हतं. मी तांब्या भरून ठेवायचे आणि माठाला सांगायचे, “तीन तांबे झालेच पाहिजेत म्हणा.” तुम्ही चार प्यायचात.

ती चाकीची गोष्ट तुम्ही काढलीत दिवाळीनंतर, गावी. घरात आपण दोघंच. मी अंगण झाडत होते, तुम्ही नळ चालू करून बादली भरत होतात. भरली तरी तुम्ही नळ बंद करेनात. मग नळाकडे पाहून म्हणालात:

“ते चाकी म्याच फिरोली होती म्हना. लेकीसारखी सून, अन् माहं मूत घेऊन सारा वार्ड ओलांडते. मले पाहवे ना. म्हटलं धार कमी केली तं पिसवी उशिरा भरन, तिले घडीभर पडता येईन. लोक मंग तिलेच बोलले, अन् मी पडून राहिलो भितीकडं तोंड करून. तिनं काहून आयकून घेतलं म्हना?”

तुम्ही नळाला विचारलंत, पण थांबलात माझ्यासाठी. पाणी बादलीबाहेर वाहत होतं. माझ्या हातात झाडू होता. उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. आणि मी काय म्हटलं असेल? “चहा ठेवते म्हणा.” आत जाऊन चहा ठेवला, साखर दुप्पट पडली, तुम्ही तोंड वेडंवाकडं करून तो सगळा प्यायलात. पुन्हा तुम्ही विचारलं नाहीत. माझी हिंमतही झाली नाही, आणि आपल्याला घाई तरी कुठे होती?

परवा तेरवीला, पंगती उठल्यावर, कल्पनाताईंनी माझा हात धरला. सगळ्या बाया बसलेल्या असताना त्यांनी मोठ्यानं सांगितलं, “बाबानं मले मांगंच सांगतलं होतं. चाकी त्यायनंच फिरोली. ह्या बाईनं एवढ्या लोकायचं बोलनं खाल्लं पन सासऱ्याचं नाव घेतलं नाई. मी वंगाळ बोलली हिच्याबद्दल. मले माफ कर वं.” आणि माझ्या गळ्यात पडून रडल्या. बाया म्हणाल्या, अशी सून पाहिजे. यांनी रात्री माझ्याकडे पाहून नुसतीच मान हलवली, डोळे भरले होते यांचे. म्हणजे तुम्ही तुमचं काम करून गेलात, मामाजी. मला सोडवून गेलात. दोष सगळा आपल्या नावावर घेतलात.

आणि मी पुन्हा गप्प बसले. त्या दवाखान्यात गप्प बसले तेव्हा लोकांनी मला कामचुकार म्हटलं, आता गप्प बसले तर देवमाणूस म्हणताहेत. पहिलं सहन होत होतं, मामाजी. हे होत नाही.

म्हणून आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. मी का ऐकून घेतलं, ते.

त्या दुपारी मी भिंतीला डोकं टेकलं होतं, डोळे अर्धवट मिटले होते. सुई नसलेला तुमचा हात वर आला. तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत, नीट पाहिलंत, झोपली आहे ना म्हणून. मग दोन बोटांनी, कापसाचा धागा ओढायचात तशा हलक्या हातानं, चाकी फिरवलीत. वरची धार तुटली आणि थेंब थेंब पडायला लागलं. मला सिस्टरचं सगळं बोलणं पाठ होतं. उठून चाकी परत फिरवायला एक क्षण लागला असता. पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता दोन तास तरी पिशवी भरणार नाही. मी डोळे पूर्ण मिटून घेतले. आणि मामाजी, ती झोप फार गोड लागली होती.

सिस्टर रागावल्या ते बरोबरच होतं. कंटाळाच आला होता मला. तुम्ही जे केलंत ते न कळून केलंत, माझी दया येऊन. मी सगळं कळून होऊ दिलं, आणि तुम्हाला दांडी धरून ओरडताना पाहिलं. आणि तरी वर्षभर तुम्ही मान खाली घालून वावरलात, की आपल्यामुळे हिला बोलणी बसली. माझ्या एका वाक्यानं तुमची मान वर झाली असती. तेवढं वाक्य मी चहात घालून तुम्हाला पाजलं.

कल्पनाताईंना मी सांगेन. यांनाही सांगेन, या रविवारी, हे घरी असताना. पण पहिला हक्क तुमचा आहे. सकाळपासून स्वयंपाकघरात तीनदा तोंड उघडलं, तर शब्द आपोआप माठाकडे जायला लागले. इतक्या वर्षांची सवय. माठाला नाही, चौकटीला नाही, स्टँडला नाही. शेवटी तुम्ही दवाखान्यातून आल्यावर ज्या खुर्चीवर पंधरा दिवस बसायचात, ती समोर ओढली, तिच्यासमोर बसले, डोक्यावर पदरही घेतला नाही, आणि तुमच्याच बोलीत म्हटलं:

मामाजी, मी झोपली नव्हती. मले दिसलं होतं.